बांधावरच्या कडुनिंबाखालील आरण

श्रीगुरू बसवलिंगाय नमः। महादेवाच्या कृपेने स्मरण शाबूत असता व पोथी अद्याप चष्म्याविना वाचता येत असता, मी गुरुपाद मल्लाप्पा मगदूम, वय ७६, धंदा शेती, तालुका शिरोळ, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. पत्नी सौ. बसव्वा शेजारी बसली आहे; तो धाक गणतीत धरू नये.

राहते घर बसव्वाच्या हयातीत तिचे; तिच्या पश्चात घर व शेत चिरंजीव प्रभुलिंग याचे. पोथ्या नात शांभवी हिच्या, कारण हात धुऊन पोथीस शिवणारी घरात तेवढीच आहे.

आता आरणीविषयी. काढणीनंतर बांधावरच्या कडुनिंबाखाली बटाट्यांचा ढीग घालून त्यावर पाला पांघरतो, ती आरण. प्रभुलिंगाने ती माझ्यामागे चालवावी. कुदळ लागलेला बटाटा दयाबुद्धीने आत घालू नये. महादेवांनी हलाहल कंठी धारण केले. आरणीस एक सडका बटाटा पचत नाही.

परंतु झाड सामाईक असून निम्मे धाकटे बंधू पंचाक्षरी याचे आहे. सावलीने त्याचा ऊस खुरटतो. काल तो बांधावर येऊन म्हणाला, "आण्णा, माझं निम्मं झाड मी तोडणार हाय."

बसव्वा म्हणाली, "व्हय भावजी, उभं चिरणार का आडवं, तेवढं सांगा की!"

"वैनी, तुमचं बटाटं गेलं उडत! माझ्या उसाला ऊन न्हाय."

सावली गेली की आरण सडणार, आणि तीतच ठेवलेले, वडिलांपासून राखलेले बटाट्याचे बियाणे पुन्हा कोठेही विकत मिळणार नाही.

वाटणीत पंचाक्षरीने गाडीची चांगली चाके नेली. त्याबद्दल मी क्षमा केलेली नाही, व या लेखाने ती झाली असे समजू नये. तथापि मी शेतावर गेलो की तो मागील दाराने येऊन बसव्वाच्या हातची बटाट्याची भाजी जेवून जातो, हे मला ठाऊक आहे. सबब आरणीतील निम्मे बटाटे, यंदापासून दरसाल, मी त्यास देतो. अट एकच: झाड उभे असावे. एक फांदी जरी तुटली, तरी त्याचा हिस्सा उकडून म्हशीस घालावा.

मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडण्याचा प्रघात आहे. येथे माझी वाट पाहू नये. साक्षीदारांनी सह्या करून ते आजच, दिवस मावळण्यापूर्वी, पंचाक्षरीच्या दारात मोठ्याने वाचावे. शांभवी आताच धावत सांगत आली, "आज्जा, धाकटा आज्जा कुऱ्हाडीला धार लावाय लागलाय!"

मुक्काम शिरोळ, सोमवार, दि. ३ मार्च २००३
(सही) गुरुपाद मल्लाप्पा मगदूम

साक्षीदार:
१. जोतीराम, शेजारी
२. आकाराम, देवळातील आरती म्हणणारे (वाचन यांनीच करावे, आवाज उसाच्या पलीकडे जातो)