कारणाचा रकाना

प्रिय भिंगरी,

फोनवर मी जेवलीस का, झोपलीस का एवढंच विचारते आणि खरं बोलायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. हसू नकोस, अक्षर अजून फळ्यावरचंच आहे.

आपल्या शाळेत मुलांना मन मोकळं करायला एक खोली झालीये. जिन्याखालची, आजारी मुलांना झोपवायचे ना, तीच. गंजका पलंग हलवला, भिंती रंगवल्या, चटई टाकली, दोन खुर्च्या ठेवल्या. समुपदेशक आठवड्यातून तीनदा येते. पोरगीच आहे, तुझ्याएवढी, पण ऐकून घेते अशी की परवा आपले शिपाईकाकासुद्धा तासभर बसून आले. बाहेर आल्यावर म्हणे, पंखा बघत होतो! पंखा नवाकोरा आहे गं.

तीन महिन्यांत एकसष्ट मुलं येऊन गेली. तेवढ्यात मुख्याध्यापकांना धास्ती, की पोरं तास बुडवायला जातात. झालं, दारात वही आली. नाव, वर्ग, कारण आणि वर्गशिक्षकाची सही. सही नाही तर प्रवेश नाही. त्या दिवसापासून एकही मूल फिरकलं नाही. आता ते म्हणतात, बघा, गरजच नव्हती, खोली बंद करून तिथे छपाईचं यंत्र ठेवू. अशी भडकले मी! तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, पण असलं उफराटं गणित पाहिलं नव्हतं.

म्हणशील, आईला एवढा पुळका कुठून आला? सांगते. खोली आवरताना कपाटामागे जुनी वही सापडली, तू नववीत असतानाची. तेव्हाही हाच नियम होता. दिवसाआड तिसऱ्या तासाला तुझं पोट दुखायचं, तू त्या खोलीत जायचीस, आणि शिपाईकाका वही घेऊन तुझ्या वर्गशिक्षिकेकडे, म्हणजे माझ्याकडे यायचे. एका महिन्यात अकरा वेळा तुझं नाव आहे. कारणाच्या रकान्यात अकराही वेळा माझ्या अक्षरात ‘बहाणा’. शेजारी माझी सही. बाईंनी लेकीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, या हट्टापायी मी तुला दर वेळी वर्गात परत आणलं.

बाराव्यांदा तू गेलीच नाहीस. मला वाटलं, खोड मोडली. पुढे वर्षभर तू घरात कुणाशी धड बोलली नाहीस, रक्त येईपर्यंत नखं कुरतडायचीस, आणि मी मात्र पोरगी कशी शांत झाली म्हणून कौतुक सांगत फिरले. चुकलं माझं, पोरी. फार चुकलं.

पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी शाळा समितीची सभा आहे. तिथे वहीतलं ते पान मला सगळ्यांसमोर वाचायचंय, सही कुणाची तेही सांगायचंय. पण सही माझी म्हटलं की मुलगी कोण, हे उघडच आहे. दुखणं तुझं होतं, आणि तुला न विचारता मी एकदा त्याला नाव देऊन बसलेय. पुन्हा तसं करणार नाही. तू नको म्हणालीस तर वही कपाटात राहील आणि मी दुसऱ्या वाटेने भांडेन; भांडायचं काही सोडत नाही. तेवढं कळव. नुसतं हो किंवा नाही लिही, कारण लिहू नकोस.

तुझीच,
आई