मावशीचे बरे झालेले हात

३ मार्च, सोमवार

चमत्कार झाला! आणि तो मी केला, येशूने नाही. येशू तेव्हा छत्रीखाली बसून फोनवर कुणाला तरी झापत होता.

मालिकेचं शूटिंग आमच्याच चर्चच्या आवारात चाललंय. मेकअप माझ्याकडे. बायबलातली वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट या लोकांनी बाईची करून टाकली, कारण दिग्दर्शकाला आवार झाडणाऱ्या मावशीचे हात दिसले. "अरे, हे तर तयारच आहेत!" म्हणाला. तयार! इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीखाली सापडले ते हात. ठेकेदाराने आधी पट्टी बांधायला सुट्टी दिली, मग कायमचीच. मावशीने तक्रार केलीय. तो म्हणतो, "काम सोडून गेली तेव्हा धडधाकट होती." हाच गृहस्थ दर रविवारी आमच्या पहिल्या बाकावर डोळे मिटून बसतो. मी त्याला पहिला बाक म्हणते. चर्चचं नवं छप्पर त्याच्याच कृपेने.

पहिल्या शॉटला मला काम नव्हतं. दुसरा शॉट बरे झालेल्या हातांचा. खड्ड्यांत मेण भरलं, वर रंगाचे थर, मग पावडर. जीव ओतला. मावशी हात उलटेसुलटे करून बघत राहिली. "पोरी, माझे लग्नातले हात आणलेस गं परत!"

मला रडू आलं. मग राग आला. तो अजून उतरलेला नाही.

४ मार्च

मावशीने रंग धुतलाच नव्हता. तसेच हात घेऊन झाडायला आली.

२२ मार्च, शनिवार

ट्रेलर आला. ज्याच्या त्याच्या फोनवर मावशीचे हात! आधी करपलेले, येशूचा स्पर्श, मग नितळ. खाली लोकांच्या प्रतिक्रिया — काय मेकअप आहे, जखमा अगदी खऱ्या वाटतात!

अरे, खऱ्याच आहेत त्या! मेकअप दुसऱ्या हातांना आहे, गाढवांनो!

२८ मार्च, शुक्रवार

कामगार कार्यालयात सुनावणी. मी साक्षीला. पहिल्या बाकाच्या वकिलाने साहेबांपुढे फोन धरला. ट्रेलर! "बघा साहेब, बाईंचे हात ठणठणीत आहेत. जखमा रंगवलेल्या. रंगवणाऱ्या बाई या इथेच बसल्यात."

मी ओरडले, "उलटं आहे ते!" साहेब म्हणाले, आवाज खाली. मग शिपायाला सांगून ओलं फडकं मागवलं. मावशीला म्हणाले, "पुसून दाखवा."

पुसून दाखवा! भर खोलीत, परक्या पुरुषांपुढे ती आपले जळके हात भांडी घासावीत तशी घासत होती. काही निघेना. फडकं स्वच्छ. तरी साहेब "पुरे" म्हणालेच नाहीत. मीच फडकं हिसकावून घेतलं.

मग वकिलाने पवित्रा बदलला — असेल भाजलेलं, पण काम सोडल्यावर, घरच्या चुलीवर. चोर तो चोर वर शिरजोर! साहेबांनी विचारलं, नोकरीत असताना हे हात कुणी पाहिले? मी हात वर केला. "तुम्ही नको. तुमचं कामच रंगवायचं."

मावशी म्हणाली, "पाळकसाहेबांनी पाहिलेत. पट्ट्या होत्या तेव्हा चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर त्यांनी पट्टीवर ठेवलीय. नंतरही दर महिन्याला याच हातांवर ठेवतात."

पाळकसाहेब म्हणजे माझा सख्खा दादा. त्यालाही बोलावलं होतं. तो उभा राहिला. पहिल्या बाकाकडे बघितलं नाही, मावशीकडेही नाही. म्हणाला, "मी त्या वेळी भाकरीकडे बघतो. कुणाच्या हातांकडे मी कधी बघत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची तारीख मंगळवारची पडलीय.

२९ मार्च

दादाशी भांडले. वहिनी मध्ये पडली, तिलाही दोन शब्द बसले. दादा म्हणतो, "छप्पर गळत होतं तेव्हा तू कुठे होतीस? मंडळी मला सांभाळायची आहे, तुला नाही." मी म्हटलं, मंडळीत मावशी येत नाही का? पहिल्या बाकापासून मोजायची की दारापासून? तो जेवला नाही. मी जेवले. मुद्दाम दोनदा वाढून घेतलं.

३० मार्च, रविवार

उपदेशाचा विषय — गरिबांना सुवार्ता. मी उठून बाहेर आले. मावशी पायरीवर बसून ऐकत होती. म्हणे, "छान बोलतो गं तुझा भाऊ."

५ एप्रिल, शनिवार

मंगळवारी काही झालंच नाही, साहेब रजेवर. तारीख पुढे गेली, येत्या मंगळवारी. आणि आज मावशी घरी आली, हात पुढे करून — "पोरी, उद्या सकाळी मला ते हात लावून दे."

मला वाटलं, हरली. पहिल्या बाकाने गाठलं असणार, काहीतरी देऊ केलं असणार. वाट्टेल ते बोलले! जखम त्यांनी केली, झाकायची मी? एवढी भांडले ती काय तुला नटवायला? मावशी म्हणाली, "झालं बोलून? उद्या प्रभुभोजन आहे. लवकर येते. मेण जास्त लाव, नीट दिसले पाहिजेत."

लावून देईन. पण तोंडातून शब्द काढणार नाही.

६ एप्रिल, रविवार

मावशी सगळ्यांबरोबर पुढे गेली, गुडघे टेकले, ओंजळ धरली. नितळ, लग्नातली. दादा भाकर ठेवायला वाकला आणि थांबला. हातांकडे बघतच राहिला. तोंडातून निघून गेलं, "मावशी, हातांना काय झालं?"

मावशीने मान वर केली. पहिल्या बाकापासून दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे बघता की हो!"