पहिली पोळी वसंताला

चिंचवड, होळी, १९५६

आज चुकलोच. लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

डॉक्टरांनी मधुमेह सांगितल्यापासून तीन महिने गूळ, साखर, भात सगळं बंद आहे. आज सणालाही मी पथ्य मोडलं नाही. माझ्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथी. शेजारी धाकटा भाऊ वसंता, दापोडीहून जेवायला आलेला. तव्यावरची पहिली पुरणपोळी हिने त्याला वाढली, वर तुपाची धार. लग्न झाल्यापासून वीस वर्षं ती पहिली पोळी माझी होती! मी खाणार नव्हतोच, मग ती कुणाच्याही ताटात पडली तर माझं काय गेलं? पण गेलं खरं. तो मिटक्या मारत होता आणि मी त्याच्या पोळ्या मोजत होतो. सहावीला राहवलं नाही. "वसंता, घरी काही मिळत नाही का रे?"

त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, हे मला ठाऊक होतं. तो अर्धी पोळी ताटात टाकून उठला. "पोट भरलं, दादा."

तो गेल्यावर ही एवढंच म्हणाली, "गूळ खायचा बंद केलाय तुमचा. बोलण्यातला कशाला सोडलात?"

संध्याकाळी पोळ्यांचा डबा घेऊन सायकलने दापोडीला गेलो. माफी मागणं काही जमेना. डबा नुसता पुढे केला. "भूक लागली असेल तुला."

वसंता हसला. खाटेवर बसला आणि डबा उघडताना माझ्याकडे पाठ केली. मला पोळ्या दिसू नयेत म्हणून.