दहा दिवसांची नोंद

दि. ३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आई माझ्याकडे चांगली रुळली आहे, दिवसभर माझ्या शिलाईतल्या चुका काढते.

एक गंमत ऐक. इस्पितळातून चिठ्ठी आली, पित्ताशय काढून दोन वर्षं झाली, तपासणीला या. अगं, माझं पित्ताशय जागच्या जागी आहे! खिडकीवर विचारलं तर माझ्या नावाची, माझ्याच विमाकार्डाची जाडजूड फाइल निघाली. मी म्हणे दहा दिवस तिथे खाटेवर होते. एवढी विश्रांती मिळाली असती तर मी जन्मात विसरले नसते.

कुणीतरी कार्डाची झेरॉक्स लांबवली असणार. आता मी प्रत देताना तिच्यावर आडवं लिहिते, कशासाठी दिली आणि कधी. झेरॉक्सच्या दुकानातल्या बिघडलेल्या प्रतीही मागून आणते आणि कात्रीने बारीक करते. तूही करत जा, वेंधळे. फाइल दुरुस्त करायची तर अर्ज, साक्षीदार, हेलपाटे. तुझे भाऊजी म्हणतात, आपलं काय गेलं, राहू दे.

काल मशीनची सुई बोटात घुसली. बोट ठणकतंय, म्हणून अक्षर असं आलंय. वेंधळी म्हटलं म्हणून रुसायचं असेल तर रूस, पण उत्तर पाठव.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तीन दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय.

झेरॉक्स कुणी लांबवली नाही. कार्ड मी दिलं. नूतनीकरणासाठी तू ते माझ्याकडे ठेवलं होतंस, तेव्हा. आमच्या बांधणीखात्यात पुस्तकांना खळ लावणारी एक बाई होती. नवऱ्याचं घर अंगावरच्या कपड्यांनिशी सोडून आली होती, एक कागद जवळ नव्हता. पोटदुखीने ती जमिनीवर लोळत होती, ताई. वय तुझ्याएवढंच. मला वाटलं, तुझं काय जाणार आहे?

आता जे सांगते ते नीट वाच. लहानपणी ज्या इंजेक्शनने तुझा गळा सुजला होता, तेच तिला तिथे दहा दिवस दिलं. तिला काही झालं नाही. म्हणजे फाइलमध्ये ते तुला चालतं असंच असणार. ती फाइल आधी दुरुस्त करून घे, साक्षीला मी येते. फोन तीनदा हातात घेतला, पण तुझा आवाज ऐकायची छाती झाली नाही.

चार शिव्या घाल, पण मला परकी करू नकोस.
तुझी धाकटी

दि. १४ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तार, फोन काहीच केलं नाही, कारण मलाही बोलवत नव्हतं.

तुझी ताई अकरा तारखेला गेली. बोटाचं विष अंगात भिनलं होतं. दहा तारखेला मी कामावर असताना ताप चढला, शेजारणीने तिला इस्पितळात नेलं. कार्ड दाखवताच फाइल निघाली. ही फाइल माझी नाही, असं ती दोनदा म्हणाली. नर्सला ते तापातलं बरळणं वाटलं. मी पोचलो तेव्हा तेच इंजेक्शन देऊन झालं होतं.

राहू दे, असं मीच म्हणालो होतो. ते मला आयुष्यभर पुरेल.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. ते लिहिलंस त्या दिवशी ती घरी होती, मशीनवर बसून ब्लाउजला काजं करत होती. फोन तिच्या हाताशी होता.

आईला वाटतं, तापाने गेली. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. तू ये. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण आलीस की तिच्यासमोर बसून तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.
तुझे भाऊजी