आजोबांचा उन्हावरचा हंडा

कैरो, सय्यदा झैनब

वडीलबंधू वजीहभाऊंना धाकट्या इन्साफचा सलाम. तुमचं पित्त, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या करकचेरीतले साहेब, तिन्ही शांत असोत. इकडे मी धडधाकट आहे. माझ्या पावट्यांच्या गाडीवर गर्दी आहे, पण पावटे महागलेत. तुम्ही बजावलं होतंत की त्या विज्ञान प्रतिष्ठानाची पायरी चढू नकोस, शोभा होईल. चढून आले. शोभाही झाली. आता निवांत वाचा.

कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते (तुम्ही माझी पत्रं अर्धीच वाचता, असं वहिनींनी कळवलंय). आपले आजोबा मुतवल्ली पावटेवाले यांनी आरशाचे तुकडे जोडून उन्हावर पावटे शिजवणारा हंडा केला, आपल्या लहानपणी तो प्रतिष्ठानाला तपासायला दिला, आणि तो काही परत आला नाही. आता तिथे प्रदर्शन भरतंय आणि हंडा 'विज्ञानाच्या गमती' या पाटीखाली मांडणार आहेत! तिथली टायपिस्ट नवाल माझ्याच गाडीवर जेवताना हसत हसत सांगत होती. हंडा कुणाचा हे तिला कुठे माहीत? मी तिला कांदा वाढला नाही, एवढाच राग काढला.

हंड्याचं हसं का झालं ते शोधायला तिथले जुने कागद बघायचे, तर प्राध्यापकाचं पत्र लागतं म्हणे. प्राध्यापक आपल्या ओळखीत कुठला? शेवटी गिऱ्हाइकांतल्या गुरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की बाई संशोधन करतात आणि प्रकृतीने निरोगी आहेत (दुसरं वाक्य त्यांच्या हाताच्या सवयीने पडलं). दारावरचा म्हातारा शिक्का बघून म्हणाला, "या, डॉक्टरीणबाई!" मी कशाला नाही म्हणू? आत माझी पिशवी घेतली, पेन घेतलं, हाती शिसपेन्सिल दिली, वर पांढरे हातमोजे. पळी धरणारा हात तो, अंगठा शिवण उसवून बाहेर आला. आणि मला तोंडाने पुटपुटल्याशिवाय वाचता येत नाही, हे तुम्ही जाणताच. दफ्तर सांभाळणारे हिल्मीसाहेब दर ओळीला "शूः" करत होते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्याने बोलताय."

खोक्यात आजोबांचा अर्ज होता आणि कुणा परदेशी तज्ज्ञाचा शेरा होता. शेरा असा: इथले लोक पावटे सकाळी खातात, म्हणजे ते रात्री शिजवावे लागतात, रात्री सूर्य नसतो, हे संशोधकाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. यावर सगळं प्रतिष्ठान आजवर हसतंय!

भाऊ, माझं डोकंच फिरलं. अहो, रमजानात सकाळी कोण खातं? आजोबांचा धंदा संध्याकाळी रोजा सुटतो त्या इफ्तारपासून पहाटेच्या सहरीच्या जेवणापर्यंत चालायचा. म्हणजे पावटे शिजायचे दिवसा, भर जूनच्या उन्हात, आणि तो माणूस रोजा धरून, थुंकीही न गिळता चुलीपुढे बसायचा. चुलीपासून उठता यावं म्हणून केलेला हंडा तो. मी हे ओरडूनच सांगितलं. हिल्मीसाहेबांनी शूः केलं नाही. हळूच म्हणाले, "मी स्वतः दर सहरीला पावटेच खातो. पण हे डोक्यात नाही आलं."

मग संचालिका शाहिंदाबाई आल्या. म्हणाल्या, "पाटी छापून झालीय, बाई. आणि हंडा चालतो याला पुरावा काय?"

मी म्हटलं, "रमजानच्या पहिल्या दिवशी हंडा अंगणात काढा. पावटे मी घालते. इफ्तारला शिजलेले निघाले तर पाटी फाडायची."

"आणि नाही शिजले तर?"

"तर त्या गमतींत हंड्याशेजारी मला बसवा!"

बाई हसल्या, पण कबूल झाल्या. वहिनींना सलाम, मुलांना पापे.

तुमची (आणि मुतवल्ली पावटेवाल्यांची)
इन्साफ

ता. क. खरं काम आता. मी गच्चीवर तसाच एक हंडा जुळवून पाहिला. संध्याकाळी त्यातला पावटा शेजारणीच्या कोंबडीला फेकून मारला, ती अजून लंगडतेय. तरी तुम्ही येताना तिथल्या बाजारातले शिजलेले पावटे झाकणाच्या डब्यातून आणावेत. सगळे तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला गेले की मी अदलाबदल करीन. वाचून हे पत्र जाळा.

पुन्हा ता. क. पावटे आणू नका. रात्री विचार केला, रोजा धरून आजोबांच्या हंड्यात लबाडी माझ्याने होणार नाही. आरसे पुसून, ऊन फिरेल तसा हंडा फिरवत बसेन, मग जे होईल ते. तुम्ही मात्र या. आजोबा पावटे विकायचे हे कचेरीत तुम्ही कधी सांगितलं नाही, मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. झाकण उघडताना लोक हसलेच तर मी हंड्याच्या एका बाजूला उभी असेन. दुसऱ्या बाजूला, तुम्ही येईपर्यंत, मी कुणाला उभं राहू देणार नाही.