यादीवरच्या चार ओळी

पाटण, १२ जानेवारी २०२५

चि. अतुल,

सप्रेम जयभीम व आशीर्वाद. प्रणालीच्या वाचनकट्ट्यासाठी रूझवेल्टसाहेबांवरच्या सहा पुस्तकांची यादी पाठवतोय. जंगलांसाठी इतका हट्ट धरणारा अध्यक्ष अमेरिकेला क्वचितच मिळाला असेल. पहिलं पुस्तक मुलांसाठी, शेवटचं जाडजूड तुझ्यासाठी, झोप छान लागेल.

यादीवर चार ओळी लिहिल्यात. त्यांनी जंगलं राखीव केली, मीही तीस वर्षं राखीव जंगलाचा वनरक्षक होतो, आणि ती नोकरी मला राखीव जागेवर मिळाली, असं. ते नातीनं वाचून दाखवावं, एवढीच हौस आहे. सूनबाईंना जयभीम.

माया आहेच, ती तुमचीही असू द्या.
बाबा

दार्सैत, ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. यादी सगळ्यांना आवडली. प्रणाली मराठी वाचताना अडखळली, पण टाळ्या मिळाल्या.

रागावू नका, नोकरीची ओळ मी काढली. इथं आखातात, या बिल्डिंगमध्ये अकरा वर्षांत आम्हाला कुणी काही विचारलेलं नाही, आणि विचारू नये म्हणून नंदा आणि मी जपून राहतो. ऑफिसात आरक्षणावर काय काय बोलतात, ते मी चहा पीत ऐकतो. मग मुलं अर्थ विचारतील म्हणून कॉम्प्युटरवर सगळीकडेच ‘राखीव’चं ‘संरक्षित’ केलं. अर्थ तोच आहे.

आमच्यावरचा लोभ कमी करू नका.
अतुल

पाटण, २० फेब्रुवारी

चि. अतुल,

सप्रेम जयभीम. अर्थ तोच नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय काडी उचलता येत नाही. संरक्षित जंगलात मनाई नसेल ते सगळं चालतं. हा फरक सांभाळायचा पगार मी घेतला आणि त्यावर तू इंजिनिअर झालास. तू चहा पीत ऐकतोस, हे वाचून मी ताट बाजूला सारलं.

हे सुनावायलाच बसणार होतो, तेवढ्यात प्रणालीचा फोन आला. तुम्हाला जॉब कसा मिळाला, फ्रेंड्सना सांगायचंय, असं म्हणाली. खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. मग तुमची बिल्डिंग आठवली आणि मी म्हणालो, परीक्षा देऊन. परीक्षा दिलीच होती, म्हणजे खोटं नव्हे. पोरगी खूश झाली. मला मात्र स्वतःची शिसारी आली.

आता तुला कुठल्या तोंडानं रागावू?

आहे तसा जीव लावत राहा.
बाबा