जुबेदाचाचींच्या पिठाचा दोष नव्हता

वंदनाताई,

रोजचाच सकाळचा उजेड आज मी बराच वेळ पाहत बसलो. तो खिडकीतून ओट्यावर उतरला, पिठाच्या डब्यावर थबकला, मग मी हौसेने जमवलेल्या सहा क्रोनोग्राफ, म्हणजे सेकंद मोजणाऱ्या, घड्याळांच्या काचांवर रेंगाळला आणि शेवटी कालच्या पातेल्यात शिरला. आत ज्वारीच्या नूडल्सचा करडा, चिकट लगदा होता. त्याची शिसारी आली. त्याहून अधिक माझी स्वतःची.

पीठ परत करायला जुबेदाचाचींच्या गिरणीवर जाऊ नकोस. बचत गटाच्या बायकांसमोर "चाचींच्या पिठात भेसळ आहे" असे मीच म्हणालो होतो. नूडल्स शिजतानाच तू हसली होतीस, "सोम्या, घड्याळात काय बघून राह्यला? बोटानं दाबून बघ की!" मी मात्र अस्सल म्हणून मिरवलेल्या माझ्या निळ्या घड्याळाची तीन मिनिटे मोजत राहिलो.

आज ते घड्याळ मोबाइलशेजारी ठेवून पाहिले. काटा बाराजवळ अडखळतो. त्याच्या तीन मिनिटांत मोबाइलवर पाच होतात. मग त्याच पिठाच्या नूडल्स बोटाने दाबून पाहत उकळल्या. एकही तुटली नाही. झाकून ठेवल्या आहेत, गटाच्या स्टॉलवर त्याच ने.

तू हे वाचशील तेव्हा मी चाचींची माफी मागायला गेलेलो असेन. त्यांना काय सांगायचे, ते आधी तुला लिहितो : माझे निळे घड्याळ नकली आहे.